समेवर एकत्र यायला कुठे शिकतात?

आषाढ अर्धा झाला की बदलापुरात संध्याकाळी ढोल ऐकू यायला लागतात. आधी एकच, चाचपडत. मग चारपाच, एकमेकांच्या मागेपुढे. दहीहंडीच्या सुमारास ते सगळे मिळून एक झालेले असतात. मधल्या आठवड्यांत नेमकं काय घडतं, हा या लेखाचा विषय आहे. सूर-तालाचं रीतसर शिक्षण न घेतलेली, पंधरा ते पंचवीस वयाची मुलंमुली एकत्र वाजवायला कशी शिकतात, शिकवणारे त्याबद्दल काय म्हणतात, त्यांचे मतभेद कुठे आहेत आणि कोणते प्रश्न अजून तसेच पडून आहेत, ते पाहायचं आहे. ढोल-ताशा पथक हे यातलं सर्वांत मोठ्या आवाजाचं उदाहरण. पण भजनी मंडळ, बँजो पार्टी, लग्नातला बँड, कॉलेजातला रॉक बँड हेही याच परिसरात आहेत. लोकलच्या डब्यात तर शाळा रोजच भरते.

आधी कोण वाजवत होतं

बदलापूर गाव आणि बदलापूर स्टेशन ही दोन वेगळी ठिकाणं आहेत, हे नव्याने राहायला आलेल्याला पहिल्यांदा रिक्षावाला सांगतो. गाव उल्हास नदीच्या अंगाला, जुनं. स्टेशनच्या पूर्वेला कुळगाव. २००१ साली लाखाच्या आत लोकसंख्या असलेलं हे शहर २०११ च्या जनगणनेत १,७४,२२६ वर गेलं, आणि त्यानंतरची वाढ तर डोळ्यांनाच दिसते. माणसं आली ती आपापली वाद्यं घेऊन आली. कोकणातून डबलबारीची भजनं आली, घाटावरून हलगी आली, पुण्याच्या धर्तीची पथकं आली. त्याआधी इथे आगरी लग्नातली धवलारीण होती, गावदेवीची पालखी होती, सप्ताहातला पखवाज होता. शेजारच्या उल्हासनगरात फाळणीनंतर वसलेल्या सिंधी कुटुंबांनी लग्नातली ‘लाडे’ ही गाणी आणि आपला ढोल आणला. त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं १९४९ साली. म्हणजे इथे वाजवणाऱ्यांची एकच एक परंपरा सांगता येत नाही.

जुन्या व्यवस्थेत ‘एकत्र वाजवायला शिकणं’ हा प्रश्नच नव्हता. सनई, संबळ, डफ, हलगी ही वाद्यं ठरावीक समाजांकडे वंशपरंपरेने होती: गुरव, घडशी, मातंग, महार. मूल बापाच्या मागे उभं राहून वाजवायला लागायचं. साथ करता करता हात बसायचा. त्यात कौशल्य होतं आणि सक्तीही होती. गावकीचं काम म्हणून वाजवायचं, मोबदल्यात बलुतं घ्यायचं आणि देवळाबाहेर उभं राहायचं. मे १९२७ मध्ये बदलापूरच्या शिवजयंती उत्सवाचं अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भूषवलं. महाडच्या सत्याग्रहाला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. पुढच्या काळात जातीने लादलेली कामं सोडण्याची जी चळवळ झाली, तीत अनेकांनी वाजंत्र्याचं कामही सोडलं. ढोल आज हौसेने कमरेला बांधणाऱ्या मुलांशी बोलताना हा इतिहास क्वचितच निघतो. आढाव्यात मात्र तो घ्यावाच लागतो, कारण आजच्या एका मोठ्या मतभेदाचं मूळ तिथे आहे.

हौसेने, निवडीने, जातीबाहेर जाऊन एकत्र गाण्यावाजवण्याची दुसरी वाटही महाराष्ट्रात बरीच जुनी आहे. १८९३ पासूनच्या सार्वजनिक गणेशोत्सवात मेळे निघाले आणि त्यांत शाळकरी मुलं तालमी करून गाऊ लागली. भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक निघालं. या सगळ्यांत तरुण माणसं शिकली ती एखाद्या कार्यक्रमासाठी, तारीख ठरल्यावर, आपल्यापेक्षा थोडं जास्त येणाऱ्याकडून. पथकाची रीत आजही हीच आहे.

पथकात काय शिकवतात

आजच्या ढोल-ताशा पथकाचा साचा पुण्यातल्या शाळांमधून घडला. ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग अशा शाळांनी मिरवणुकीला शिस्त, गणवेश आणि बसवलेले ताल दिले. मुलींना मिरवणुकीत उतरवण्यातही ज्ञान प्रबोधिनीचं नाव पहिल्या फळीत घेतलं जातं. ठाणे जिल्ह्यात पथकांना जोर आला तो गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रांमुळे. डोंबिवलीत १९९९ साली सुरू झालेली ही प्रथा लवकरच आसपासच्या शहरांनी उचलली आणि पथकांना गणपतीशिवाय दुसरा हंगाम मिळाला.

पथकात नवीन आलेल्याला पहिल्या दिवशी ढोल मिळत नाही. टिपरू मिळतं, आणि समोर गाडीचं जुनं टायर किंवा नुसती मांडी. एका बाजूला टिपरू, दुसऱ्या बाजूला थापी, एवढंच. तालाच्या तुकड्यांना इथे ‘हात’ म्हणतात: पहिला हात, दुसरा हात, मग गावठी, भांगडा. मात्रा मोजून कोणी सांगत नाही. शिकवणारा तोंडाने बोल म्हणतो आणि मुलं म्हणतात. तोंडात बसलं की हातात उतरतं, असा अनुभव आहे. तबल्याच्या शिकवणीतही बोल आधी तोंडीच पाठ करतात, तेव्हा ही पद्धत अडाणी म्हणून मोडीत काढता येत नाही.

खरी अडचण येते ती पन्नास जण उभे राहिल्यावर. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. पहिल्या रांगेतला ताशा आणि शेवटच्या रांगेतला ढोल यांच्यात ३० मीटर अंतर असेल, तर ताशाचा ठोका मागे पोचायला सेकंदाचा सुमारे अकरावा भाग लागतो. मिनिटाला १२० ठोक्यांची लय धरली तर ही चूक एका ठोक्याच्या जवळपास सहाव्या भागाएवढी होते. मागचा मुलगा कानाने बरोबर वाजवत असतो, पण पुढून ऐकणाऱ्याला तो मागे पडलेला वाटतो, कारण उशीर जाताना एकदा आणि येताना एकदा असा दुप्पट झालेला असतो. म्हणून अनुभवी पथकप्रमुख ताशे मधोमध ठेवतो, रांगा लांब होऊ देत नाही आणि सतत हात वर करून लय दाखवतो. ‘ऐकू नको, बघ,’ असं संगीत शिकवताना सांगणारी ही बहुधा एकमेव जागा असावी.

लय धावणं हा दुसरा रोग. मिरवणूक रंगात आली की प्रत्येकाला वाटतं की शेजारचा वाढवतोय, म्हणून तो स्वतः वाढवतो. याबाबत एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. २०१० मध्ये इवाना कॉनव्हालिंका आणि सहकाऱ्यांनी दोन-दोन माणसांना एकत्र ठोके द्यायला लावले. दोघांना एकमेकांचं ऐकू येत असेल तेव्हा एक पुढारी आणि दुसरा अनुयायी असं होत नाही, असं दिसलं. प्रत्येक ठोक्याला दोघंही एकमेकांप्रमाणे स्वतःला बदलत राहतात. दोन माणसांचं हे, तर पन्नासांचं काय होत असेल? पथकातली ताशाची तर्री हे त्यावरचं जुनं उत्तर आहे: सगळ्यांनी एकमेकांकडे न बघता एकाच धारदार आवाजाकडे बघायचं.

लोकलचा डबा, बँजोचा ट्रक आणि जॅम रूम

बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर. रोज जाऊन येऊन तीन तास ज्यांचे गाडीत जातात, त्यांनी त्यातून भजनी मंडळं उभी केली, हे मध्य रेल्वेवर नवं नाही. टाळ पिशवीतून येतात, ढोलकी कोणाच्या तरी मांडीवर बसते, ती नसेल तर डब्याचा पत्रा असतोच. बुवा एक ओळ म्हणतो, बाकीचे उचलतात. नवा मुलगा सुरुवातीला फक्त टाळ धरतो. त्याला कोणी शिकवत नाही, पण टाळ चुकला की शेजारचा नुसतं पाहतो, आणि त्या पाहण्याने जे शिकवलं जातं ते कुठल्या पुस्तकात सापडत नाही. डब्यात झोपू पाहणाऱ्या प्रवाशांची तक्रारही तितकीच जुनी आणि रास्त आहे.

भजनाची रीत पथकाच्या उलट आहे. तिथे माणसं थोडी, अंतर हातभर, आणि शब्द मुख्य. गाणाऱ्याचा श्वास ऐकून पखवाज थांबतो. हळू वाजवायचं तिथे हळू वाजवावं लागतं, नाहीतर अभंग बुडतो. मला विचाराल तर दुसऱ्यासाठी आपला आवाज कमी करायला तरुण वादकाला शिकवणारी या परिसरातली सर्वांत चांगली जागा भजनाचीच आहे. हे माझं मत, सिद्ध झालेलं नव्हे.

बँजो पार्टीचं शिक्षण सर्वस्वी वेगळं. बँजो म्हणून जे वाद्य मुंबई-ठाणे-रायगड पट्ट्यात वाजतं, ते अमेरिकन बँजो नव्हे. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं हे तंतुवाद्य १९१२ च्या सुमारास जपानात नागोया इथे तयार झालेल्या ताइशोगोतोचा वंशज आहे. आपल्याकडे ते बुलबुल तरंग म्हणून आलं आणि पुढे वीज लावून रस्त्यावर उतरलं. त्याच्या भोवती कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, ताशे. २०१६ मध्ये रवी जाधव यांनी याच जगावर हिंदी चित्रपट काढला. इथली मुलं मोबाइलवर गाणं लावतात, ऐकून सूर शोधतात, आणि हळदीच्या रात्री पाहुण्याने फर्माईश केली की न बसवलेलं गाणंही उचलतात. चुकलं तर पुढची सुपारी जाते. हा धाक कुठल्याही परीक्षेपेक्षा मोठा आहे. लग्नाचा ब्रास बँडही सुपारीवरच चालतो, पण तिथे मास्तर असतो आणि क्लॅरिनेट-ट्रंपेट शिकायला वर्षं लागतात. नवी मुलं तिकडे कमी वळतात, असं जाणकार सांगतात.

कॉलेजातले गिटार-ड्रमचे बँड संख्येने थोडे, तरी त्यांच्यापुढे वाट आहे. मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवात समूहगान आणि लोकवाद्यवृंदाच्या स्पर्धा असतात, आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगोत बँडसाठी लाइव्हवायर ही स्पर्धा असते. अभंग रिपोस्टसारख्या मुंबईच्या बँडने अभंगाला गिटार-ड्रमची साथ दिल्यावर मराठीत गाणाऱ्या मुलांचा संकोचही जरा कमी झाला. बदलापूरच्या बँडची अडचण साधी आहे: ड्रमसेट लोकलमध्ये चढत नाही.

आधी एकट्याने की आधी सगळ्यांनी

शिकवण्याच्या पद्धतीवर मुख्य वाद हाच आहे, आणि दोन्ही बाजूंना वजनदार माणसं आहेत.

पहिली बाजू म्हणते, आधी एकट्याचा हात तयार व्हावा. रियाज झाल्याशिवाय समूहात बसलेला मुलगा गर्दीत लपतो. त्याची चूक त्याला ऐकूच येत नाही आणि चुकीचा हात पक्का होतो. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यातून पुढे जी परीक्षापद्धती आली, आणि आज गल्लोगल्ली प्रारंभिक-प्रवेशिकेच्या शिकवण्या ज्यावर चालतात, ती मुळात एकट्या विद्यार्थ्याची आहे. प्रश्न, उत्तर आणि गुण सगळे एकट्याचे. मात्र दहा वर्षं तबला शिकून विशारद झालेल्या मुलाला कधीकधी गाण्याची साथ करता येत नाही, ही तक्रार शिक्षकच करतात.

दुसरी बाजू म्हणते, एकत्र वाजवणं हे वेगळंच कौशल्य आहे आणि ते एकत्र वाजवूनच येतं. लंडनच्या संगीतशिक्षणतज्ज्ञ ल्यूसी ग्रीन यांनी २००२ मध्ये लोकप्रिय संगीताचे वादक कसे शिकतात यावर पुस्तक लिहिलं. त्यासाठी त्यांनी १५ ते ५० वयाच्या १४ वादकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. आपल्या आवडीचं गाणं निवडणं, ध्वनिमुद्रण ऐकून उचलणं, मित्रांबरोबर शिकणं, क्रम न पाळता शिकणं ही त्यांना सापडलेली लक्षणं. बँजो पार्टीतल्या कुठल्याही मुलाला हे वाचून दाखवलं तर तो म्हणेल, मग दुसरं कसं शिकतात? पुढे इंग्लंडमधल्या काही शाळांनी ही पद्धत वर्गातही आणली.

या दोन टोकांच्या मधली एक गोष्ट आपल्याच देशातली आहे, आणि तिची आठवण फारशी काढली जात नाही. मैहरला उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अनाथ मुलांचा बँड उभा केला. बंदुकीच्या नळ्यांपासून नलतरंग बनवला, सतार-सरोदाशेजारी व्हायोलिन बसवलं आणि राग समूहाने वाजवायला शिकवलं. रविशंकर आणि अली अकबर खाँ यांच्यासारखे एकल वादक घडवणारा गुरू तोच, आणि समूह घडवणाराही तोच. दोन शिक्षणं एकाच अंगणात चालत होती. शाळेच्या बिगुल-ड्रम पथकांत समूह असतो, शिस्तही असते, पण तिथे वाजवायचं ते वर्षातून दोन राष्ट्रीय सणांना, आणि बहुतेक मुलांचं संगीत दहावीबरोबर संपतं.

त्याने काय साधतं

पालकांना हा प्रश्न सर्वांत जवळचा. एकत्र वाजवल्याने मुलं शहाणी, शिस्तीची, एकमेकांना धरून राहणारी होतात का?

थोडा पुरावा बाजूने आहे. सेबास्टियन किर्श्नर आणि मायकेल टोमासेलो यांनी २०१० मध्ये चार वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला. ज्या जोड्यांनी एकत्र गाणं-वाजवणं केलं, ती मुलं नंतर एकमेकांना जास्त मदत करताना दिसली. व्हेनेझुएलात होसे आंतोनियो आब्रेऊ यांनी १९७५ मध्ये सुरू केलेल्या ‘एल सिस्तेमा’ या मुलांच्या वाद्यवृंदांच्या चळवळीची जगभर नक्कल झाली. तिच्यावर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे २,९०० मुलांच्या मोठ्या पाहणीत स्वतःवर ताबा ठेवण्याच्या क्षमतेत सुधारणा आढळली. पण ज्या गरीब मुलांसाठी हा उपक्रम होता, ती त्यात अपेक्षेपेक्षा कमी निघाली. जेफ्री बेकर यांनी २०१४ च्या पुस्तकात आणखी कडक टीका केली: वाद्यवृंद मुलांना सहकार्य शिकवतो असं म्हणतात, प्रत्यक्षात तो एका माणसाच्या काठीखाली वागायला शिकवतो. पथकप्रमुखाची शिट्टी आठवली की ही टीका परकी वाटत नाही. संगीताने गणित किंवा बुद्ध्यंक सुधारतो, हा दावा मात्र आता बराच मऊ पडला आहे. जोवान्नी साला आणि फेर्नांद गोबे यांनी २०२० मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा काटेकोर अभ्यासांत हा परिणाम जवळजवळ उरला नाही.

न सुटलेलं

आवाजाचा वाद सर्वांत गाजलेला. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ढोलांचा एक छोटा गटही ती सहज ओलांडतो. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विसर्जनात डीजे-डॉल्बीला मुभा देण्यास नकार दिला, आणि पारंपरिक वाद्यांची मागणी वाढली असं पथकवाले म्हणतात. ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातल्या पथकांवर प्रत्येकी ३० जणांची मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबरला त्या आदेशाला स्थगिती दिली. पथकांचं म्हणणं, तिसांत नवशिक्यांना जागाच राहणार नाही. रहिवाशांचं म्हणणं, सराव दोन महिने रोज चालतो, मिरवणूक एक दिवसाची. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

यात वाजवणाऱ्याच्या स्वतःच्या कानाचा विचार सगळ्यांत कमी होतो. कामगारांसाठी अमेरिकेत सुचवलेला निकष असा: ८५ डेसिबलला आठ तास, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. या हिशेबाने १०० डेसिबलला १५ मिनिटं मिळतात. सोळा वर्षांच्या ताशेवाल्याच्या कानात कापसाचा बोळा असतो, तोही असला तर.

दुसरा मतभेद पैशाचा आणि जातीचा, आणि तो उघडपणे कमी बोलला जातो. हौशी पथक मानधन घेऊन किंवा फुकट वाजवतं, तेव्हा हलगी-सनईवर पोट असलेल्या कलावंतांची सुपारी कोणाकडे जाते? एका बाजूचं म्हणणं, वाद्याला चिकटलेला कलंक पथकांनी पुसला आणि वाजवणं ही कोणालाही अभिमानाची गोष्ट झाली. दुसरी बाजू विचारते, अभिमान वाटण्यासाठी वाद्य आधी दुसऱ्या हातात जावं लागलं का? टी. एम. कृष्ण यांनी २०२० च्या ‘सेबास्टियन अँड सन्स’मध्ये मृदंगम बनवणाऱ्यांविषयी जे प्रश्न मांडले, ते ढोलाचं पान चढवणाऱ्याविषयी मराठीत अजून नीट मांडलेले नाहीत. फायबरच्या पानाने तो कारागीर आणखीच दिसेनासा झाला.

मुली पथकांत भरपूर आहेत, आणि ढोल, झांज, ध्वज त्यांच्याकडे असतात. ताशाच्या पुढे, जिथून लय ठरते तिथे, त्या किती आहेत हे मिरवणुकीत उभं राहून कोणीही मोजू शकतं. बँजो पार्टीत तर मोजायलाही फारसं काही नसतं. आगरी लग्नात विधी आणि गाणं दोन्ही हाताशी धरणारी धवलारीण बाईच होती, हे त्याच गावातलं सत्य.

राहता राहिली जागा. मोकळी मैदानं बांधकामाखाली जात आहेत. नदीकाठ पावसाळ्यात भरवशाचा नाही. जुलै २००५ आणि जुलै २०१९ चे पूर बदलापूरने पाहिले आहेत, आणि सरावाचे महिने नेमके तेच. शाळेची पटांगणं संध्याकाळी रिकामी असतात, पण आसपास वस्ती असते. नाट्यगृह असो वा समाजमंदिर, आवाज बाहेर न जाणारी एक सरावखोली नगरपालिकेने बांधावी, अशी सूचना वादकांशी बोलताना दर वेळी निघते. ती कोणी कोणत्या वेळेला वापरायची, भजनवाल्यांनी की पथकाने, आणि तिच्यात पन्नास ढोल मावणार का, इथे बोलणं अडतं. तोवर यंदाचा सराव पुन्हा पुलाखाली.